रिकामी खुर्ची आणि कॉफीची किटली : व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या गृहवस्तूंच्या चित्रणामागील जीवन

१

व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८५३-१८९०) हे नाव पदव्युत्तर वर्गात उच्चारले की विद्यार्थ्यांना प्रथम आठवतो तो कापलेला कान, त्यानंतर वेड्यांचे इस्पितळ आणि शेवटी सूर्यफुले. या तीन गोष्टींभोवती जी चरित्रकथा रूढ झाली आहे ती नाट्यमय आहे, आणि तिच्यातील घटना खोट्याही नाहीत. तथापि या कथेमुळे त्याच्या कलाजीवनातील एक शांत आणि सलग धागा झाकला गेला आहे. लाकडी बूट, पाळणा, हातमाग, किटली, बटाट्यांची टोपली, झिजलेले जोडे, लव्हाळ्याने विणलेली खुर्ची अशा अगदी सामान्य वस्तू त्याने आरंभापासून अखेरपर्यंत रेखाटल्या. प्रस्तुत लेखात त्याचे जीवन या वस्तूंच्या क्रमाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

असे पाहण्यामागे एक सैद्धांतिक कारणही आहे. य:कश्चित वस्तूचे चित्र सुंदर कशामुळे ठरते? वस्तूच्या आकार-रंगांच्या परस्परसंबंधांमुळे, की ती वस्तू वापरणाऱ्या माणसाशी असलेल्या तिच्या नात्यामुळे? मराठी समीक्षेला हा प्रश्न परका नाही. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्य घटकांच्या लयबद्ध रचनेत शोधले आणि संवाद, विरोध व समतोल ही लयीची तत्त्वे मानली. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांच्यातील द्वंद्वाची चिकित्सा केली. व्हॅन गॉगचे जीवन हे या द्वंद्वाचे एक बोलके उदाहरण आहे. पहिल्या टप्प्यात तो जवळजवळ पूर्णपणे लौकिकाच्या बाजूचा आहे. शेवटच्या टप्प्यात मात्र त्याच्या चित्रात या दोन बाजू वेगळ्या काढता येत नाहीत. हा प्रवास कसा घडला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२

३० मार्च १८५३ रोजी नेदरलँड्समधील ब्राबांट प्रांतातल्या झुंडर्ट या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील थिओडोरस हे प्रोटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक. आई आना हिला चित्रे काढण्याची आवड होती. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८६९ मध्ये, तो हेगमधील गूपिल या चित्रविक्रेत्या पेढीत नोकरीस लागला. पेढीच्या लंडन व पॅरिस येथील शाखांत त्याची बदली झाली आणि १८७६ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली. त्यानंतर इंग्लंडमध्ये काही काळ शिक्षकी, डॉर्डरेख्ट येथे पुस्तकांच्या दुकानात काम, ॲमस्टरडॅममध्ये धर्मशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेची तयारी असे प्रयत्न झाले. त्यांपैकी कोणताच तडीस गेला नाही.

ॲमस्टरडॅममधील वास्तव्यातला एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १८७८ च्या आरंभी वडील त्याला भेटावयास आले होते. त्यांना स्थानकावर निरोप देऊन तो खोलीवर परतला, तेव्हा टेबलाजवळ वडिलांची खुर्ची तशीच होती आणि टेबलावर वह्या-पुस्तके पडली होती. ती पाहून लहान मुलासारखे रडू कोसळल्याचे त्याने थिओ या धाकट्या भावास कळविले आहे. त्या वेळी व्हिन्सेंट चित्रकार नव्हता, होण्याचा विचारही त्याच्या मनात पक्का झालेला नव्हता. पण माणूस उठून गेल्यावर त्याची जागा धरून राहणारी वस्तू ही जाणीव त्याच्या ठिकाणी चित्रकलेच्या आधीपासून होती, असे यावरून म्हणता येते.

१८७८ च्या अखेरीस तो बेल्जियममधील बोरिनाज या कोळसाखाणींच्या प्रदेशात धर्मप्रचारक म्हणून गेला. खाणकामगारांप्रमाणे राहावे म्हणून त्याने अंगावरचे बरे कपडे देऊन टाकले आणि झोपडीत बिऱ्हाड केले. त्याची ही पराकोटीची विरक्ती धर्ममंडळास रुचली नाही आणि १८७९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालविण्यात आली नाही. १८८० च्या उन्हाळ्यात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरविले. मिलेच्या चित्रांच्या प्रतिकृती आणि शार्ल बार्ग याचे रेखाटनाचे पाठ समोर ठेवून तो स्वतःच शिकू लागला. यापुढचे त्याचे आयुष्य दहा वर्षांचे आहे. तेवढ्या अवधीत त्याने साडेआठशेच्या आसपास तैलचित्रे आणि एक हजाराहून अधिक रेखाटने केली.

३

डिसेंबर १८८१ मध्ये तो हेगला आंतोन माउव्ह या नामवंत चित्रकाराकडे गेला. माउव्ह हा नात्याने त्याच्या मामेबहिणीचा नवरा. त्याने पहिल्याच वेळी व्हिन्सेंटपुढे लाकडी बूट, कोबी आणि बटाटे मांडले आणि ते रंगविण्यास सांगितले. वस्तुचित्राने आरंभ करणे ही त्या काळची शिक्षणाची रीतच होती. परंतु ते केवळ शिक्षणाचे साधन मानले जाई. १६६७ मध्ये फ्रेंच अकादमीच्या व्याख्यानांची प्रस्तावना लिहिताना आंद्रे फेलिबियाँ याने चित्रविषयांची जी उतरंड मांडली, तिच्यात निर्जीव वस्तू सर्वांत खालच्या पायरीवर होत्या. विषयाच्या थोरवीवर कलाकृतीची थोरवी मोजण्याची ही दृष्टी एकोणिसाव्या शतकातही पुरती मावळलेली नव्हती.

माउव्हशी त्याचे लवकरच बिनसले. माउव्हने प्लास्टरच्या ओतीव शिल्पांवरून रेखाटनाचा सराव करावा असा आग्रह धरला. संतापलेल्या व्हिन्सेंटने ती शिल्पे फोडून कोळशाच्या डब्यात टाकली. या कृतीकडे अभिजाततेविरुद्धचे बंड म्हणून पाहण्याचा मोह होतो. परंतु पुढे १८८६ मध्ये पॅरिसला असताना त्याने आपण होऊन अशाच शिल्पांची अनेक रेखाटने केली, हे विसरता येत नाही. १८८२ मध्ये त्याचा विरोध आकाराच्या अभ्यासाला नव्हता. ज्यांना कोणी कधी हाताळले नाही अशा आकारांना होता.

याच काळात सीन हॉर्निक या निराधार, गरोदर स्त्रीला त्याने आश्रय दिला. जुलै १८८२ मध्ये तिला मुलगा झाला. व्हिन्सेंटने भाड्याच्या घरात तिच्यासाठी खिडकीजवळ वेताची खुर्ची ठेवली आणि तिच्याशेजारी हिरव्या आच्छादनाचा छोटा लोखंडी पाळणा. पाळण्याच्या वर भिंतीवर त्याने रेम्ब्राँच्या एका चित्राची प्रतिकृती लावली होती. तीत पाळण्याजवळ बसलेल्या दोन स्त्रिया आहेत. घरातला पाळणा आणि चित्रातला पाळणा असे एकाखाली एक ठेवण्यात त्याची कलादृष्टी नेमकी दिसते. १८८३ मध्ये त्याने पाळण्यापाशी गुडघे टेकून बसलेल्या मुलीचे रेखाटन केले. त्यात बाळाइतकेच लक्ष पाळण्याकडे जाते. त्याच्या बाजूंचा जाड काळा खडू आणि आतील मऊ, फिकट भाग यांतून वस्तूचे काम काय आहे, हे उमजते.

हेगमध्येच त्याने ‘द ग्राफिक’ या इंग्रजी सचित्र साप्ताहिकाचे १८७० ते १८८० या काळातील एकवीस खंड मिळविले. त्यांतील लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे कापून त्यांचा संग्रह करणे हा त्याचा छंद होता. त्यांपैकी ल्यूक फिल्ड्स याचे एक चित्र त्याच्या मनात घर करून राहिले. ९ जून १८७० रोजी चार्ल्स डिकन्सचे निधन झाले. त्यानंतर फिल्ड्सने त्याच्या अभ्यासिकेतील टेबल आणि मागे सरकविलेली खुर्ची रेखाटली होती. डिकन्स हा व्हिन्सेंटचा अत्यंत आवडता लेखक. या चित्राविषयी १८८२ च्या अखेरीस थिओला लिहिताना, अशा रिकाम्या खुर्च्या पुष्कळ आहेत आणि पुढेही होत जातील, असा विचार त्याने मांडला आहे. वडिलांची खुर्ची आणि डिकन्सची खुर्ची एका सूत्रात ओवली गेली ती येथे.

४

१८८३ च्या सप्टेंबरात त्याने सीनला आणि हेगला सोडले. काही महिने द्रेन्त प्रांतात काढून डिसेंबरमध्ये तो न्यूनन येथे आईवडिलांकडे राहावयास आला. तेथील विणकरांची त्याने डझनावारी रेखाटने केली. या चित्रांत माणसापेक्षा माग मोठा आहे. धुरकटून काळ्या पडलेल्या ओक लाकडाच्या एका मागावर १७३० हे साल कोरलेले त्याने पाहिले होते आणि त्याचा त्याला मोठा विस्मय वाटला होता. मागाचे खांब, फण्या, दोऱ्या यांच्या जंजाळात बसलेला विणकर त्या यंत्राचाच एक भाग वाटतो. श्रमाचे साधन माणसाला पोसते आणि कोंडूनही ठेवते, हे त्याने भाष्याविना दाखविले आहे.

१८८५ च्या वसंतात ‘बटाटे खाणारे’ हे चित्र सिद्ध झाले. त्यासाठी त्याने झोपडीतील हात, चेहरे, दिवा, घड्याळ, किटली यांची असंख्य टिपणे केली होती. एप्रिलमध्ये त्याने या रचनेचे एक शिळाछाप एका दिवसात, स्मरणावर विसंबून तयार केले आणि त्याची प्रत आंतोन व्हान रापार्ड या चित्रकारमित्रास पाठविली. रापार्डचे उत्तर कठोर होते. मागे बसलेल्या स्त्रीचा हात त्याला खोटा वाटला. कॉफीच्या किटलीविषयीचा त्याचा आक्षेप तर विलक्षण नेमका होता : ती टेबलावर ठेवलेली नाही आणि कोणी धरलेलीही नाही, मग ती तेथे करते तरी काय, असा त्याचा प्रश्न होता. व्हिन्सेंटने ते पत्र परत धाडले. काही काळ पत्रव्यवहार चालला, पण वर्ष संपण्यापूर्वी ही मैत्री संपुष्टात आली.

चरित्रकार या प्रसंगात बहुधा व्हिन्सेंटचा पक्ष घेतात. श्रमिकांच्या जीवनाविषयीची त्याची कळकळ आणि रापार्डची अकादमीय शिस्त असा सामना रंगविला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते किटलीपुरता रापार्ड बरोबर होता. ज्या किटलीला वजन नाही, जी कशावरही टेकलेली नाही, तिच्यात कॉफीही नाही आणि कष्टही नाहीत. वस्तूविषयीचा जिव्हाळा चित्रकाराच्या मनात कितीही असला, तरी तो रेषेत उतरल्याखेरीज चित्राचा होत नाही. सौंदर्यशास्त्रातील मोठा प्रश्न येथे एका किटलीच्या निमित्ताने उभा राहिला आणि त्याची किंमत एका मैत्रीने चुकविली. व्हिन्सेंटने स्वतःचा बचाव केला खरा; परंतु त्या वर्षीच्या शरद ऋतूत त्याने बटाट्यांच्या टोपल्या, मातीची भांडी आणि पक्ष्यांची घरटी यांची वस्तुचित्रे एकामागून एक केली. वस्तूचा घाट आणि भार हाताला वश करून घेण्याचाच तो उद्योग होता.

दरम्यान २६ मार्च १८८५ रोजी वडिलांचे आकस्मिक निधन झाले होते. ऑक्टोबरमध्ये त्याने एक वस्तुचित्र एका झपाट्यात पूर्ण केले. वडिलांचे भले थोरले बायबल यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायावर उघडलेले आहे, बाजूला विझलेली मेणबत्ती आहे आणि पुढे झोलाच्या एका कादंबरीची चुरगळलेली पिवळी प्रत आहे. पिता-पुत्रांमधील मतभेद, न झालेला समेट आणि तरीही उरलेला आदर हे सर्व दोन पुस्तकांच्या आकारमानातून आणि अंतरातून सांगितले गेले आहे. येथे वस्तूंना प्रतीकांचे ओझे थोडे अधिक वाहावे लागते, हे मान्य केले पाहिजे. मात्र किटलीसारख्या त्या अधांतरी नाहीत.

५

मार्च १८८६ मध्ये तो थिओकडे पॅरिसला आला. तेथे त्याने झिजलेल्या जोड्यांची काही चित्रे रंगविली. त्यांपैकी एका चित्राने विसाव्या शतकातील तत्त्वचिंतनात मोठा वाद निर्माण केला. मार्टिन हायडेगर याने कलाकृतीच्या उगमाविषयीच्या १९३० नंतरच्या व्याख्यानांत या जोड्यांचा आधार घेतला आणि ते शेतकरी स्त्रीचे आहेत असे गृहीत धरून त्यांतून तिचे सारे जग उलगडले. १९६८ मध्ये कलेतिहासकार मेयर शापिरो याने हे गृहीतकच खोडून काढले : चित्र पॅरिसमधील आहे आणि जोडे बहुधा खुद्द चित्रकाराचेच आहेत. पुढे झाक देरिदाने १९७८ मध्ये, जोडे कोणाला तरी परत करण्याची दोघांनाही इतकी घाई का, असा प्रश्न उपस्थित केला.

या वादातून आपल्याला एक धडा घेता येतो. मालक कोण हे चुकले म्हणून जोड्यांचे चित्र निष्प्रभ झाले नाही. चामड्याला पडलेल्या घड्या, बाहेर लोंबणारी नाडी, एकीकडे कललेली टाच यांतून दीर्घ वापर दिसतो. वापरणाऱ्याचे नाव दिसत नाही. माणसाशी असलेले नाते चित्रात उतरते ते या खुणांच्या रूपाने, चरित्रातील माहितीच्या रूपाने नव्हे. म्हणून लौकिक संदर्भ मानणाऱ्या समीक्षकानेही प्रथम रेषा आणि पोत वाचले पाहिजेत.

६

२० फेब्रुवारी १८८८ रोजी तो दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे पोहोचला आणि मे महिन्यात त्याने तेथे पिवळे घर भाड्याने घेतले. घर मांडताना घेतलेली भांडी त्याने लगेच रंगविली : निळी इनॅमलची कॉफीची किटली, कप, चौकटींच्या नक्षीचे दुधाचे भांडे, लिंबे आणि संत्री. एमील बेर्नार या मित्रास या चित्राचे छोटे रेखाटन पत्रातून पाठविताना त्याने प्रत्येक वस्तूचा रंग नोंदविला. निळ्याच्या निरनिराळ्या छटांसमोर नारिंगीपर्यंत जाणाऱ्या पिवळ्याच्या छटा अशी ही रचना आहे. मर्ढेकरांची परिभाषा वापरावयाची तर निळ्या-निळ्यांतील संवाद, निळ्या-पिवळ्यांतील विरोध आणि भांड्यांच्या मांडणीतील समतोल हे तिन्ही येथे सहज दाखविता येतात. न्यूननची किटली आणि आर्लची किटली यांत केवळ तीन वर्षांचे अंतर आहे. पण ही किटली टेबलावर ठाम बसली आहे.

आर्लमध्ये तो तेथील वेताच्या काड्या तासून बोरू करी आणि त्याने रेखाटने करी. बोरूची रेषा शाई भरलेली असताना जाड उमटते आणि शाई सरत जाते तशी विरळ होते. पोथ्यांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या वाचकाला हे लेखणीचे वळण नव्याने सांगावयास नको. ठिपके, आखूड फटकारे, वळसे यांची जी भाषा त्याने या बोरूने घडविली, तिच्यात त्याचे लिहिणे आणि रेखाटणे फार जवळ आले. ऑक्टोबरमध्ये आपल्या शयनगृहाचे चित्र काढल्यावर त्याने थिओला आणि पॉल गोगँला पत्रांतून त्याची रेखाटने पाठविली. पलंग, दोन खुर्च्या, टेबल, खुंटीवरचे कपडे एवढाच ऐवज. पाहणाऱ्याला विश्रांती मिळावी, ही त्यामागची इच्छा.

२३ ऑक्टोबर रोजी गोगँ आर्लला आला. त्याच्यासाठी व्हिन्सेंटने घर सजविले होते, बारा खुर्च्या आणल्या होते, असे सांगितले म्हणजे त्याची अपेक्षा लक्षात येते. तो कलावंतांचे एक कुटुंब वसवू पाहत होता. नोव्हेंबरच्या सुमारास त्याने दोन खुर्च्या रंगविल्या. स्वतःची खुर्ची साधी, पिवळ्या लाकडाची, लव्हाळ्याच्या बैठकीची. दिवसाच्या उजेडात, तांबड्या फरशीवर. मागे अंकुरलेल्या कांद्यांची पेटी असून तिच्यावर त्याची सही आहे. गोगँची खुर्ची हातांची, डौलदार. रात्रीच्या प्रकाशात, बैठकीवर जळती मेणबत्ती आणि दोन कादंबऱ्या. दोन्हींत माणूस नाही, तरी दोन स्वभाव समोरासमोर आहेत. २३ डिसेंबरच्या रात्री तो सर्वश्रुत प्रसंग घडला आणि गोगँ निघून गेला. पुढे फेब्रुवारी १८९० मध्ये आल्बेर ओरिये या समीक्षकास लिहिताना, ताटातुटीच्या काही दिवस आधी आपण गोगँची रिकामी जागा रंगविण्याचा प्रयत्न केला होता, असे व्हिन्सेंटने नमूद केले आहे.

इस्पितळातून परतल्यावर जानेवारी १८८९ मध्ये त्याने हाती घेतलेल्या पहिल्या चित्रांपैकी एक वस्तुचित्रच होते. रेखाटनाच्या फळीवर बशीत कांदे, तंबाखू आणि पाईप, जळती मेणबत्ती, लाखेची कांडी, घरगुती आरोग्यविषयक एक पुस्तक आणि थिओच्या अक्षरातील पाकीट. सावरू पाहणाऱ्या मनाने घरातील वस्तू मोजून घ्याव्यात, तशी ही मांडणी आहे. त्याच महिन्यात त्याने आपल्या खुर्चीच्या चित्रावरूनही पुन्हा हात फिरविला.

७

मे १८८९ पासून वर्षभर तो सँ-रेमी येथील मनोरुग्णालयात होता. १८८२ मध्ये हेगला त्याने साध्या खुर्चीवर डोके हातांत धरून बसलेला म्हातारा रेखाटला होता. १८९० च्या वसंतात त्याच रचनेवरून त्याने तैलचित्र केले. मे महिन्यात तो पॅरिसजवळच्या ओव्हेर या गावी गेला. २७ जुलैला त्याला गोळी लागली आणि २९ जुलै १८९० रोजी थिओच्या सान्निध्यात त्याचा अंत झाला. सहा महिन्यांच्या आत, २५ जानेवारी १८९१ रोजी, थिओही गेला. भावाभावांची पत्रे जपून, क्रमवार लावून १९१४ मध्ये प्रसिद्ध करण्याचे श्रेय थिओची पत्नी योहाना हिचे. २००९ मध्ये निघालेल्या संशोधित आवृत्तीत ९०२ पत्रे असून त्यांतील बहुसंख्य व्हिन्सेंटची आहेत. पत्रवाङ्मयाच्या अभ्यासकाने शब्दांबरोबर त्यांतील रेखाटनेही संहितेचा भाग म्हणून वाचली पाहिजेत, कारण कित्येकदा वाक्य जेथे थांबते तेथे रेषा पुढे जाते.

एकूण विवेचनातून जे निष्पन्न होते ते असे. व्हॅन गॉगला वस्तूंविषयीचा जिव्हाळा जन्मतः होता. वडिलांच्या खुर्चीसमोर रडणाऱ्या तरुणाजवळ तो पुरेपूर होता, पण त्यातून चित्र झाले नव्हते. केवळ रचनेचे कौशल्य त्याला माउव्हच्या शिल्पांवरूनही मिळाले असते, पण तेवढ्यावर त्याचे समाधान झाले नसते. खुर्चीच्या चित्रात या दोन गोष्टी एक झाल्या, आणि त्यासाठी अधली दहा वर्षे आणि एक फसलेली किटली आवश्यक होती. साहित्यातही सामान्य माणसाच्या चूल-भांड्यांविषयीच्या आस्थेला आपण अनेकदा गुणवत्ता समजतो, किंवा उलट तिला साहित्यबाह्य म्हणून बाजूला सारतो. वस्तू आपल्या जागी नीट टेकली आहे का, हा रापार्डचा प्रश्न दोन्ही बाजूंच्या समीक्षकांनी विचारण्याजोगा आहे.